मॉडेल बसलंय, फूल तोडू नका

पहाटे छत्रीच्या मुठीने दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं ओढायची आणि आपल्या देवाला वाहायची, हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सर्वमान्य धर्म होता. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला या धर्माच्या आड यायचे ते एकटे तळमजल्यावरचे दिघे. छत्री जास्वंदीपर्यंत पोचली की खिडकीतून आवाज यायचा, "मॉडेल बसलंय, हात लावू नका."

दिघे पोटासाठी कारकून आणि स्वतःच्या मते मॉडर्न चित्रकार. मॉडर्न चित्रकाराला बाग लागतेच, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. म्हणून मागच्या खिडकीखाली, मोरीच्या पाइपाशेजारी, एक जास्वंद, दोन अबोल्या आणि तुपाच्या डब्यातली तुळस, एवढी त्यांची बाग. तिच्यातून स्फूर्ती घेऊन ते जे काढत, ते पाहून मला करपलेली फोडणी आठवे. चित्र सुलटं कुठून, हे विचारल्याशिवाय मी पुढे बोलतच नसे. फुलासारखं फूल काढायला काय होतं, असं म्हटलं की ते नाक मुरडत. "ते कॅलेंडर झालं." त्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती.

त्यांच्या पत्नी, मालतीवहिनी, पाठीच्या दुखण्याने कायमच्या अंथरुणावर. पलंग त्याच खिडकीशी. नवऱ्याच्या चित्रांचा विषय काढला की त्या म्हणत, खिडकीतलं कळतं हो, कागदावरचं नाही.

पुढे सोसायटीने पाण्याच्या टाकीसाठी नेमकी तीच जागा धरली. सभेत दिघ्यांनी कला, स्फूर्ती, सगळं सांगून पाहिलं. वहिनींचं नाव मात्र काढलं नाही. लोक हसले. जास्वंद गेली आणि खिडकीसमोर हातभरावर सिमेंटची भिंत उभी राहिली.

थोड्या दिवसांनी टाकीवर कुणी काहीतरी खरडतंय अशी तक्रार आली. सोसायटीचा चिटणीस मी, म्हणून जाब विचारायला मागे गेलो. दिघे स्टुलावर उभे होते. भिंतीवर जास्वंद. पाच पाकळ्या, पिवळे केसर, कातरलेली पानं, सगळं जिथल्या तिथे. वाण्याने दिवाळीला फुकट वाटावं असं.

मला पाहून ते ओशाळले. "कॅलेंडर झालंय, ठाऊक आहे मला," ते हळूच म्हणाले. "पण तिला ओळखता यायला हवं ना."

आतून वहिनींचा आवाज आला, "खालच्या फांदीला एक कळी होती हो."

दिघ्यांनी ब्रश रंगात बुडवला. जाब काही विचारवेना. स्टूल जरा डगमगत होतं, ते धरून मी उभा राहिलो.