जेवल्याशिवाय अहवाल नाही

आमच्या सय्यद सरांच्या टेबलावर अहवाल ठेवला, की ते कागदाकडं बघतसुद्धा नाहीत. चष्मा कपाळावर चढवून एकच विचारतात, "काय जेवलास?"

नव्या माणसाला वाटतं, काय मायाळू साहेब! दोन महिन्यांत कळतं, की ही मायाबिया काही नाही, ही उलटतपासणी आहे. बीड जिल्ह्यात पोलिसांच्या हाती सापडलेल्या अठराच्या आतल्या पोरांचं काम आम्ही पाच जण बघतो. कुणी मोटारसायकल उचललेली, कुणी कुणाचं डोकं फोडलेलं. पोराच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा. सय्यद सर आमचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की पोराच्या घरी जेवल्याशिवाय अहवाल लिहायचा नाही.

"पोरगं कुठं सापडलं ते पोलिसाला कळतं," ते म्हणतात. "त्याला ताट कोण वाढतं ते आपल्याला कळाय पायजे. चहावर भागवू नका. चहा तर लोक तलाठ्यालाबी पाजतेत."

आता तुम्हीच सांगा, हा काय नियम झाला? आज तेलगावला ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचं, उद्या पाटोद्याला पिठलं. माझा पट्टा दोन भोकं पुढं सरकला. आमच्या समुपदेशक कुलकर्णीबाई चतुर्थीला घरभेटच ठेवत नाहीत. आणि आमच्यातला तो घुगे! त्यानं एकदा घरी न जाताच अहवाल लिहिला. थाप पक्की वाटावी म्हणून त्यात 'बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी' असं ठोकून दिलं. महिना मे!

सरांनी चष्मा खाली घेतला. "घुगे, अंगाची लाही व्हायलीय. ह्या उन्हात कोणती माय बाजरी थापती बे? जा, जेवून ये."

घुगे भर दुपारी गेला आणि ज्वारीची भाकरी खाऊन आला.

माझी जिरली ती गेल्या पावसाळ्यात. कडा गावाजवळचं सोळा वर्षांचं एक पोरगं होतं. नाव सांगायला कायद्याची बंदी आहे. दोस्तांच्या नादानं मोटारसायकल चोरताना सापडलं. आई नाही. मंडळानं सरळ सांगितलं होतं, गुरुवारी बापानं येऊन हमीपत्रावर सही करावी आणि पोराला घरी न्यावं, नाहीतर ते निरीक्षणगृहातच राहील. पोरगं रोज मला विचारायचं, "अण्णा येतेत का?"

अण्णांचं, म्हणजे त्याच्या बापाचं, पंक्चरचं दुकान. मी दोनदा जाऊन आलो. जेवणाचं सोडा, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "माझ्यासाठी ते मेलं," म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले.

"दोन्ही बारी उपाशी आलास?" सर दचकलेच. "चल, मी येतो."

बुधवारी सकाळी दहाला सरांनी त्या दुकानात फतकल मारली. कडक इस्त्रीची पँट आणि खाली ग्रीस. तोंडातून एक अक्षर नाही. गिऱ्हाईक आलं की उठून पंप मारायचे, पुन्हा खाली बसायचे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वाजता अण्णांनी डबा उघडला, आमच्याकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि अर्धी भाकर सरांच्या हातावर ठेवली. चतकोर मला.

"साहेब, कावून माझ्या मागं लागलाव? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई त्यानं."

सर भाकर चावत म्हणाले, "मीबी माझ्या इम्रानला म्हणलतं, पुन्हा तोंड दाखवू नको. कॉलेज सोडून आलता, एवढंच. लई आज्ञाधारक निघालं पोरगं. सहा वर्षं झाली, दाखवलं न्हाई."

माझा घास हातातच राहिला. आठ वर्षं मी या माणसाच्या हाताखाली आहे. पोरगा पुण्यात नोकरीला, मजेत हाय, एवढंच ते आम्हाला सांगत आले होते.

"तुमचं पोरगं तुमची वाट तरी बघतंय," सर म्हणाले. "माझं तर माझा नंबर बघून फोनबी उचलत न्हाई."

अण्णांनी डबा तसाच झाकून ठेवला.

गुरुवारी ते आले. धुतलेला पांढरा सदरा घालून, सगळ्यांच्या आधी. हमीपत्रावर सही केली, शेजारी ग्रीसचा काळा अंगठाही उमटला. पोरगं शिपायाच्या मागं लपलं होतं. अण्णा त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "चल, तोंड धू. लांब जायचंय." पोरगं ढसाढसा रडलं. कुलकर्णीबाईही रडल्या. मी नाही, पण नाक मात्र पुसावं लागलं.

बापलेक रस्ता ओलांडून जाईपर्यंत सर ऑफिसच्या खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, "तुझा फोन दे रे जरा."

नंबर पाठ होता. पलीकडून तरण्या पोराचा आवाज आला, "हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" सर डोळे मिटून ऐकत राहिले. फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"सर्दी झालीय त्याला," म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. तोच नंबर.

"राँग नंबर म्हण!" सर घाबरून मागं सरकले. फौजदारांना टेबल वाजवून बोलणारा हा माणूस! त्यांचा हुकूम मोडायची माझी आठ वर्षांत छाती झाली नव्हती. त्या दिवशी मोडला. "इम्रान, थांब, तुझे अब्बा बोलतायत," असं म्हणून मी फोन सरांच्या कानाला लावला आणि बाहेर निघालो.

दार ओढून घेताना ऐकू आलं, "हां बेटा... मैंच बोलरूं."