गणपाअण्णांचा उतारावरचा स्टुडिओ

आमच्या शेजारच्या गणपाअण्णांच्या न्हाणीघराला एसटीचं दार आहे. भंगारातून आणलेलं, लालभडक, आणि वर ठळक अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. नवखा माणूस आत जायला बिचकतो. मग अण्णा अंगणातून ओरडतात, "जावा की, पावणं! तिकीट न्हाय लागत!"

"पाडायचं न्हाय, टाकायचं न्हाय" हा त्यांचा मंत्र. झोपाळ्याला स्कूटरचं सीट, तुळस वॉशिंग मशीनच्या टबात. शालनकाकू म्हणतात, "मला तेवढी नवी आणली, नशीब माझं."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी म्हैस विकली. गोठ्याचं छप्पर आधीच वादळात गेलं होतं, त्यामुळे परसात नुसता कोबा उरला. त्याच सुमारास त्यांची एकुलती एक वैशाली चित्रकला शिकून मोकळी झाली. घर दोन खोल्यांचं. ती स्वयंपाकघरात कागद पसरायची आणि फोडणीचे शिंतोडे चित्रावर उडायचे. "पोरगी पुण्याला निघून जाणार बघा," काकूंचा रोजचा घोर.

अण्णांनी गवंडी बोलावला. "पोरीला स्टुडिओ बांधायचा हाय." स्टुडिओ म्हटल्यावर पेठेतल्या दोघांनी लगेच मिशा कोरून घेतल्या, शूटिंगमध्ये घेतील म्हणून.

गवंडी म्हणाला, "मालक, आधी कोबा फोडूया. गोठ्याचा हाय, गटारीकडं उतार हाय."

"पाडायचं न्हाय! एवढी म्हस हितं उभी ऱ्हायली, कवा घसरली न्हाय. माझी पोरगी घसरती व्हय?"

झालं. भिंती सरळ, जमीन तिरकी. पत्रा चढला तसं अण्णांनी मटण घातलं आणि पंगत हौसेनं नव्या खोलीतच बसवली. सगळ्यांच्या ताटातला रस्सा एकाच कडेला. कोपऱ्यात बसलेल्या गल्लीतल्या तात्यांकडे अख्ख्या पंगतीची लिंबं घरंगळत गेली. आम्ही हसून हसून बेजार. सगळ्यात मोठ्यानं अण्णाच हसत होते.

पण वैशालीच्या नव्या टेबलावर रंगाच्या पाण्याची वाटी टिकेना. तेव्हा या माणसानं करवत काढली, कोऱ्या सागवानी टेबलाचे वरच्या अंगाचे दोन पाय मापानं कापले आणि टेबल आरशासारखं सपाट केलं. वैशालीनं तिथं झपाटल्यासारखं काम केलं. ती चित्रं बघूनच तिला पुण्याला नोकरी लागली.

"जा की! गोठ्यात किती दिस बसायचं?" असं म्हणत अण्णांनी पेठभर पेढे वाटले.

निघायच्या दिवशी टेम्पो आला. वैशालीला टेबल न्यायचं होतं. आम्ही ते रस्त्यावर ठेवलं, तर एका बाजूला कललेलं. ड्रायव्हर खो खो हसला.

"अण्णा, पायांना ठोकळे मारून द्या की," तो म्हणाला.

भंगारातून घर उभं करणारा माणूस टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जमायचं न्हाय."

दोन ठोकळे न् चार खिळ्यांचं काम. गल्लीतल्या सगळ्यांना ते कळत होतं. वैशालीलाही.

"त्ये हितंच सरळ उभं ऱ्हातंय, वैशू," अण्णा म्हणाले. आवाज एकदम बारीक. "ऱ्हाऊ दे. तू आलीस की लागंल."

"म्हणजे मला दर महिन्याला यायला लागतंय म्हणा की," ती म्हणाली आणि भर रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडली.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर अण्णांनी आणि मी टेबल उचलून आत नेलं. जागेवर ठेवल्यावर त्यांनी पाण्यानं भरलेली वाटी वर ठेवून बघितली. ती हलली नाही.