बाबांचं पथ्य आणि शेजाऱ्यांच्या ताटल्या

बाबांची साखर उतरवणं डॉक्टरांना जमलं नव्हतं, ते मी एका मुळ्याच्या जोरावर करून दाखवणार होते. शुक्रवारी तपासणी होती. आकडा खाली आला नाही, तर कायमच्या गोळ्या. आणि आमचे बाबा म्हणजे गोळ्यांचं पाकीट बघूनच घेरी येणारा माणूस!

सोमवारी शाळेतून आले, दप्तर भिरकावलं आणि कामाला लागले. मांडीएवढा मुळा, कोबी, वांगी, मशरूम. सगळ्याला लाल तिखट, लसूण आणि तिळाचं तेल चोळलं आणि एअर फ्रायरमध्ये खरपूस भाजलं. भात बंद, वाडगा भरून हेच खायचं. वास असा सुटला, की चुंछन शहरातली सगळी मांजरं आमच्या खिडकीखाली जमली असतील. बाबांना फोन करून बजावलं, की आजपासून टेबलावर जे दिसेल ते तुमच्याच पथ्याचं, निमूट खा.

फक्त अंदाज जरा चुकला. भाजी इतकी झाली, की भांडी संपली. आई म्हणाली, शेजारी दे थोडी. समोरच्या गोनूच्या आईला एक ताटली दिली, खालच्या मजल्यावरच्या, ओ आडनावाच्या आजींना एक.

आता, आमच्याकडे ताटली रिकामी परत करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. गोनूची आई लगेच त्तॉक, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, घेऊन आली, तेही स्वतःच्या ताटलीत, कारण आमची गोनूनं फोडली होती. ओ आजींनी रताळी उकडून पाठवली, मोठ्या थाळीत. मग त्यांची भांडी तरी रिकामी कशी द्यायची? आईनं भाजी भरली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मुळा भाजला. तिकडून बटाट्याची धिरडी आली. मी वांगी भाजली, नूडल्स आल्या. कुठली ताटली कुणाची आणि कुणाचं कुणाला देणं आहे, काही कळेना. मी नुसती जिन्यावरून वरखाली धावत होते, कुरिअरवाल्यासारखी!

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्या आठवड्यात पहिल्यांदाच बाबांसमोर बसले. ते धिरड्यात त्तॉक गुंडाळत होते.

"बाबा, हे काय खाताय?"

"तुझं पथ्य. झकास आहे गं. कालच्या रताळ्यांपेक्षा सरस."

"आणि भाजलेला मुळा?"

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "कुठला मुळा?"

मी आईकडे बघितलं. आई ओ आजींच्या थाळीकडे बघत होती. बाबा घरी यायच्या आत रोजची भाजी दाराबाहेर गेलेली असायची! त्यांना वाटलं, हल्ली पथ्य असंच सैल असतं.

शुक्रवारी आकडा आला. उतरला नव्हताच, उलट चढला होता. डॉक्टरांनी म्हणे दोनदा चष्मा पुसला. बाबा गोळ्यांचं पाकीट हातात धरून सोफ्यावर बसले होते, चेहरा कोबीसारखा. तेवढ्यात ओ आजी वर आल्या आणि माझा गालच ओढला.

"पोरी, तुझ्या भाजीनं माझी साखर उतरली बघ. डॉक्टरांनी एक गोळी बंदच केली."

मला हसावं की रडावं कळेना. आई तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी मात्र पाकीट बाजूला ठेवलं, उठून चपला घातल्या आणि अगदी अदबीनं विचारलं,

"आजी, तुमच्याकडे जेवायला किती वाजता बसतात?"