भामरेनानांची पिवळी चिठ्ठी

भामरेनाना कॅन्टीनची पोळी खाण्याआधी मोजायचे. खिशातून व्हर्निअर काढायचे, पोळीची कड त्याच्या जबड्यात धरायचे आणि आचाऱ्याला विचारायचे, "टॉलरन्स किती?" म्हणजे माप किती चुकलेलं चालेल. एकदा जाड पोळीला लाल चिठ्ठी बांधून त्यांनी ती मुदपाकखान्यात परत पाठवली होती.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात नाना तपासणी विभागात होते. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, लाल म्हणजे परत. पिवळी म्हणजे माप जरा चुकलंय, पण माझ्या सहीवर चालवून घ्या. ही पिवळी नानांनी तीस वर्षांत एकदाही लिहिली नव्हती. "आज पिवळी लिहिणारा उद्या काहीही लिहील," म्हणायचे.

मी पर्सोनेलमध्ये. कंपनीचं त्रैमासिक माझ्याकडे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेबलावर संगणक आला आणि माझ्या अंगात कला आली. वर्षानुवर्षांचा तो वहीएवढा अंक मला बघवेना. मी आकार दीडपट केला, अक्षरांना सावल्या दिल्या, निवृत्त होणाऱ्यांचे फोटो लंबगोल कापून ढगांवर बसवले. माणसं निवृत्त झालीत की गेलीत ते कळत नव्हतं, पण मला फार आवडलं. मोठ्या साहेबांनीही मान डोलावली. सोमवारी छपाई.

शुक्रवारी नमुना अंक टेबलावर ठेवून चहाला गेलो. परत येतो तर त्याला लाल चिठ्ठी. 'निवृत्तीचं पान. रुंदी जास्त, उंची जास्त.' खाली नानांची सही.

मी तणतणत तपासणीत गेलो. "नाना, हा अंक आहे, बेअरिंग नाही."

"माप चुकलंय, कलाकार."

"काय चुकलंय त्यात?"

"ते डिझाइनवाल्याने शोधायचं." नाना सटाण्याकडचे, चिडले की अहिराणीत जायचे. "मोठं शे," म्हणाले आणि पाठ फिरवली.

त्या पानावरच्या दहा जणांत नानाही होते. वाटलं, ढग आवडला नसेल. पण साहेब नानांची लाल चिठ्ठी कधी मोडत नसत. नाना सोमवारी केबिनमध्ये शिरले तर छपाई थांबणार, आणि माझी दोन महिन्यांची कला चव्हाट्यावर. रविवारी समजूत घालायला त्यांच्या घरी गेलो.

नानी गेल्यापासून ते एकटेच राहत. खोलीत भुसा पडलेला, आणि भिंतीला टेकवून लाकडी फ्रेम. मशिनच्या खोक्यांच्या फळ्या घासून केलेल्या. प्रत्येकीमागे पेन्सिलीने नाव: कळवणचे पवार, सायखेड्याचे कुटे. सगळी माझ्या ढगांवरची माणसं. तेव्हा उजेड पडला. कामगारांच्या घरी भिंतीवर निवृत्तीचं पान फ्रेममध्ये लावलेलं मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, कंपनी देते.

फ्रेम जुन्या अंकाच्या मापाने कापून तयार होत्या. नऊ होत्या.

"नाना, तुमची कुठली?"

"आपली आपण नसतात करत." त्यांनी स्टोव्हला पंप मारला. "साखर किती?"

सोमवारी केबिनमध्ये मीच शिरलो. प्रेसवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते.

"साहेब, डिझाइन चुकलंय. माझंच."

साहेबांनी नमुना अंक उघडून ढगांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "या ढगांसाठी दोन महिने माझं डोकं खाल्लंस ना तू?"

"हो साहेब."

"मग कर दुरुस्त. छपाई आजच झाली पाहिजे."

संध्याकाळपर्यंत प्रेसमध्ये उभं राहून अंकाच्या मधोमध जुन्या मापाचं पान टाकून घेतलं. फोटो सरळ, चौकोनी, जमिनीवर.

त्यानंतरचे दिवस मी घरी करवत चालवली. तीन फळ्या वाया घालवल्या, दोन बोटं कापून घेतली. नानांच्या शेवटच्या दिवशी गेटवर दहावी फ्रेम त्यांच्या पुढे केली. आत त्यांचं पान होतं. एका कोपऱ्यातल्या फटीतून पलीकडचा सायकल स्टँड दिसत होता.

नानांनी व्हर्निअर काढला. फटीत घातला. आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"टॉलरन्स किती?" मी विचारलं.

त्यांनी व्हर्निअर मिटला. खिशातून चिठ्ठ्यांचं एक कोरं पुस्तक काढलं. त्याच्या कडा जुन्या होऊन वळल्या होत्या. फ्रेमवरच कागद ठेवून लिहिलं, 'फट दोन मिलिमीटर. चालेल.' सही केली आणि ती पिवळी चिठ्ठी कोपऱ्याला बांधायला घेतली. दोऱ्याची गाठ त्यांना तीनदा मारावी लागली.