एक्केचाळीस बायका आणि निद्रा सुधार समिती

झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. मतभेद आहेत ते बाईला माणसांत कितपत धरायचं, एवढ्याच किरकोळ मुद्द्यावर. तो मुद्दा आमच्या कार्यालयाने गेल्या वर्षी समिती नेमून कायमचा निकालात काढला. त्या समितीचा मी सदस्य-सचिव होतो. (हा वृत्तान्त खरं तर अध्यक्षांनी लिहायचा. पण त्यांना दुपारी लिहिता येत नाही, आणि का ते पुढे येईलच.)

प्रकरणाची सुरुवात आवक-जावक विभागात झाली. तिथल्या बाई बावीस वर्षं आलेल्या प्रत्येक कागदावर ‘प्राप्त’ असा शिक्का मारत आल्या आहेत, म्हणून सगळे त्यांना शिक्केबाई म्हणतात. एका मंगळवारी मोठे साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी गेले आणि त्यांनी एक पत्र पुढे केलं. शिक्केबाईंनी डोळे मिटलेल्या अवस्थेत, अगदी शांतपणे, साहेबांच्या मनगटावर ‘प्राप्त’ उमटवलं, खाली तारीख घातली आणि साहेबांचा हात उचलून उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. (तारीख बरोबर होती. याची समितीने कौतुकाने नोंद घेतली.)

“बाई!” साहेब ओरडले.

“आले, आले,” शिक्केबाई दचकून म्हणाल्या, “गोळी देते.”

दुसऱ्याच दिवशी त्यांना मेमो मिळाला : कर्तव्यावर झोपल्याबद्दल आपली बदली गोदामात का करू नये? आमचं गोदाम गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे सातला पोचायचं तर पहाटे पाचला घर सोडावं लागतं, म्हणजे उरलीसुरली झोपही सरकारजमा. शिक्केबाईंनी एका ओळीत खुलासा दिला : “घरी जमत नाही म्हणून इथे झोपले.”

साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी कार्यालयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “एकट्या त्यांचंच काय घेऊन बसलात? तुमच्याकडच्या सगळ्याच बायका अशा आहेत. काही जणी डोळे उघडे ठेवून झोपतात, एवढाच फरक.” तेव्हा बदली थांबवून साहेबांनी निद्रा सुधार समिती नेमली.

समितीत पाच पुरुष होते. निवडीचा निकष एकच, विषयाचा प्रत्यक्ष अनुभव. अध्यक्ष म्हणून भांडारप्रमुखांशिवाय दुसरं नाव पुढे येणं शक्यच नव्हतं. जेवणानंतरच्या बैठकीत पेन उभं धरून, मान डोलवत, पाऊण तास झोपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आमचे आरेखक डोकं टेकल्यापासून अकराव्या सेकंदाला घोरायला लागतात. बाकीचेही तोलामोलाचे होते. एखादी बाई घ्यावी अशी सूचना आली होती, पण बैठका साडेपाचनंतर असल्यामुळे एकीलाही थांबता येईना. (त्यांना घरी जायची एवढी घाई का असते, हे समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.)

आम्ही आधी पाहणी केली. कार्यालयात एक्केचाळीस बायका, त्यांना एक्केचाळीस फॉर्म दिले. प्रश्न विचारपूर्वक काढले होते. उदाहरणार्थ, ‘आपल्याला झोप लागत नाही हे आपल्या लक्षात कधी आलं? त्या वेळी आपण जाग्या होतात का?’ अडतीस फॉर्म भरून आले. तीन कोरे आले, कारण त्या तिघी भरता भरता झोपल्या होत्या. सबब, त्यांना निद्रानाश नसल्याचं गृहीत धरण्यात आलं.

अकरा जणींनी लिहिलं होतं की मध्येच अंगातून गरम वाफा निघतात आणि घामाने जाग येते. हा मुद्दा आम्ही तातडीने विद्युत विभागाकडे पाठवला. कार्यालयातले सर्व पंखे सुस्थितीत आहेत, असं त्यांनी कळवलं आणि वाफांचा प्रश्न मिटला. तेवीस जणींनी कारणाच्या रकान्यात नुसतं ‘घर’ असं लिहिलं होतं. घराचा पत्ता वेगळ्या रकान्यात लिहायचा होता, त्यामुळे ते फॉर्म बाद झाले. एका फॉर्मवर होतं : ‘कारण लिहीत नाही. हा फॉर्म मला घरी मोठ्याने वाचून दाखवला जाण्याची शक्यता आहे.’ अक्षर ओळखीचं वाटलं. माझी बायको याच कार्यालयात नोंदणी विभागात आहे. पण फॉर्म निनावी असल्यामुळे मी नियमाप्रमाणे ते अक्षर ओळखलं नाही.

डॉक्टरीणबाईंनीही आपलं मत पाठवलं. तीनच ओळी होत्या : ‘पाळी जायच्या वयात अशी झोप मोडते, त्यावर उपाय आहेत, माझ्याकडे पाठवा. सगळ्यांचं रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि रात्री उठायची घरात पाळी लावा.’ एकाच पत्रात पाळी हा शब्द दोन अर्थांनी आल्यामुळे समितीने ते संदिग्ध ठरवलं. शिवाय तीन ओळींत कुठलाही अहवाल होत नाही.

मग आम्ही शिबिर घेतलं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता, मोठ्या सभागृहात, सर्व महिलांना उपस्थिती सक्तीची. विषय ‘निद्रेची तेरा सूत्रं’. व्याख्याते निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांची या विषयातली ख्याती त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं अनुभवली होती. मोबाइल दाराबाहेर प्लास्टिकच्या एका क्रेटमध्ये जमा करायचे होते. क्रेटवर पहारा समितीचा. झोपेची सूत्रं आम्हाला अवगत असल्यामुळे आत बसायचं कारण नव्हतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी प्राध्यापकांनी पहिलं सूत्र सांगितलं, “मनातले विचार दाराबाहेर ठेवा.” दोन वाजून बारा मिनिटांनी मी फटीतून डोकावलो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बायका झोपलेल्या. कोणी शेजारणीच्या खांद्यावर, कोणी पर्सवर गाल ठेवून, टंकलेखन विभागातल्या दोघी तर एकमेकींना पाठ टेकून. शिक्केबाई पहिल्या रांगेत मान मागे टाकून झोपल्या होत्या. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि कपाळावरची ती कायमची आठी, जी मला आजवर जन्मखूण वाटत होती, नाहीशी झाली होती. श्रोत्यांची एकाग्रता पाहून प्राध्यापकांनी दुसरं सूत्र हाती घेतलं.

एवढ्यात दाराबाहेर ठेवलेले विचार वाजायला लागले.

आधी एक फोन वाजला. मग चार. मग सगळा क्रेट टेबलावर थरथरत सरकायला लागला. अध्यक्ष दचकून जागे झाले. “उठवा सगळ्यांना,” ते म्हणाले. पण झोपेच्या शिबिरात झोपणं हा नियमभंग की नियमपालन, यावर एकमत होईना. तोवर निदान फोन तरी उचलावेत, असं ठरलं. फोन घेण्याचा समितीला चांगला अनुभव होता. आमच्या घरी बायकाच घेतात.

आरेखकांनी पहिला उचलला. “आई, माझं भूगोलाचं पुस्तक कुठे आहे?”

“मला काय माहीत?”

“मग आईला द्या. तिला माहीत असतं.”

मुलगा तिसरीतला होता. आरेखकांनी वीस मिनिटं त्याच्याबरोबर फोनवरून ते घर धुंडाळलं. पुस्तक फ्रिजवर सापडलं. तोवर इकडे दुरुस्तीवाला दारात उभा आहे, दूध उतू गेलं आहे, निळा शर्ट इस्त्रीचा आहे की नुसता घडीचा, बाळ शिंकलं, दोनदा शिंकलं, असे फोन येतच होते. एकूण सतरा फोनवर ‘हे’ नावाच्या एकाच गृहस्थांचे कॉल येत होते. इतक्या घरी एकच माणूस कसा, असं अध्यक्षांनी विचारलंही. पाचपर्यंत आम्ही एकशे त्रेसष्ट कॉल घेतले. भांडारात सुई हरवली तरी रकाना आणि खण क्रमांकासह सांगणारे अध्यक्ष एका अनोळखी घरातल्या नेलकटरपुढे हरले. त्यांनी शर्टाच्या बाहीने घाम पुसला आणि पाणी मागितलं.

चारच्या सुमाराला एका फोनवर ‘सासूबाई’ असं आलं. तो मी घेतला.

“सूनबाई, चारची गोळी पांढरी ना गं?”

मी समितीचा सचिव असल्याचं सांगितलं. पलीकडून घाबरलेला आवाज आला, “तिला काही झालं का हो? तिच्या त्या शिक्क्यावरून काही?”

“नाही, नाही. त्या झोपल्या आहेत.”

“झोपली? खरंच झोपली?”

“हो. उठवू का?”

“अहो, उठवू नका!” म्हातारी असं ओरडली की अध्यक्षांनाही ऐकू गेलं. “चार वर्षं झाली, मी नुसती कूस वळवली तरी ही दारात उभी. तिला जाग येऊ नये म्हणून मी खोकलासुद्धा दाबते, आणि मी खोकत का नाही म्हणून ती बघायला येते. डब्यावर लिहिलंय तिने, मी वाचते चष्मा लावून. तेवढ्यात काही मरत नाही मी.”

मी फोन ठेवला. पुढचे दोन फोन वाजून वाजून बंद पडले, मी उचलले नाहीत. (हे अहवालात ‘तांत्रिक व्यत्यय’ म्हणून नोंदवलं आहे.) या गडबडीत माझी रक्तदाबाची गोळी राहिली होती. बॅगेच्या कुठल्या कप्प्यात असते ते मला ठाऊक नसल्यामुळे मी नेहमीप्रमाणे बायकोला फोन लावला. माझ्यासमोरच्या क्रेटमधला एक फोन वाजला. मी तो उचलला. आता माझ्या एका हातात माझा फोन होता आणि दुसऱ्या हातात माझाच कॉल. तिच्या फोनवर माझं नाव दिसत होतं : ‘आता काय?’

मी गोळी स्वतः शोधली. ती बाहेरच्याच कप्प्यात होती.

पाच वाजता प्राध्यापकांनी तेरावं सूत्र संपवलं आणि टाळ्या का होत नाहीत म्हणून विचारलं, तेव्हा बायका जाग्या झाल्या. प्रत्येकीने आधी घड्याळ पाहिलं आणि मग क्रेटकडे धाव घेतली. शिक्केबाईंनी मला विचारलं, “घरून फोन होता?”

“होता. त्या म्हणाल्या, उठवू नका.”

पदराने डोळे पुसून शिक्केबाई टेबलाशी गेल्या, आणि पडून राहिलेली एकशे दहा पत्रं त्यांनी पंचवीस मिनिटांत हातावेगळी केली. एकही शिक्का वाकडा नाही.

समितीचा निष्कर्ष असा निघाला की तेरा सूत्रांचा गुण नि:संशय येतो, मात्र ती लागू पडण्यासाठी पाच पुरुषांना सबंध दुपार फोनवर बसावं लागतं, आणि एवढं मनुष्यबळ कार्यालयाकडे नाही. मी शेवटी एकशे दहा पत्रांचा आकडा घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या तीन ओळी परिशिष्ट म्हणून जोडल्या. साहेबांनी एकशे चाळीस पानी अहवालातलं फक्त परिशिष्ट वाचलं. बदली रद्द झाली. तपासणीत निम्म्या बायकांचं रक्त कमी निघालं, शिक्केबाईंचंही. वाफावाल्या अकरा जणी आता डॉक्टरीणबाईंकडे जातात, विद्युत विभागाकडे नाही. शिक्केबाईंच्या घरी रात्रीच्या गोळीची जबाबदारी त्यांच्या नवऱ्याकडे आली. पहिल्या आठवड्यात आईने त्याला उठवून गोळी मागितली. दुसऱ्या आठवड्यापासून तो आपला आपण उठतो.

त्या शुक्रवारी घरी जाताना मी बायकोला विचारलं, “‘आता काय?’ हे काय नाव झालं?”

“पूर्वी ‘अहो’ होतं,” ती म्हणाली.

“मग कधी बदललं?”

“तुम्ही समितीवर गेलात तेव्हा. रोज अकरापर्यंत मसुदा वाचून दाखवायचात. मला झोप यायची आणि तुम्ही विचारायचात, ऐकतेयस ना?”

वाचकहो, हा वृत्तान्त मात्र मी कुणाला वाचून दाखवलेला नाही. तुम्हीच पहिले. मध्ये एकदाही न उठता, कुणाच्या हाकेला ओ न देता, चहा आयता हाताशी येऊन, तो तुम्ही इथवर सलग वाचला असेल, तर आपलं मनापासून अभिनंदन. पुढच्या समितीवर एक जागा रिकामी आहे.