शनिवारी थंड चूल

पुस्तक न वाचता पुस्तकावर बोलावं तर मीच! इंदूरच्या आमच्या सगळ्या स्नेहलतागंजात ही कला माझ्याइतकी कोणाला साधलेली नाही. म्हणून आमच्या कचेरीचे साहेब, अप्पासाहेब, यांनी ज्यू लोकांच्या जीवनावरची नऊशे पानांची ऐतिहासिक कादंबरी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

"वाचा, बाळकृष्णराव! शनिवारी सुट्टी आहे, तुमच्याकडेच जेवायला येतो. पुस्तकावर बोलू अन् तुमच्या बदलीचंही बघू."

बदली ग्वाल्हेरला! मध्यभारताची राजधानी अर्धं वर्ष तिकडे, अर्धं वर्ष इकडे. पण मला कायमचं तिकडे धाडायचं घाटत होतं. इंदूर सुटणार या विचारानं माझ्या घशाखाली पोहेसुद्धा उतरेनात.

घरी येऊन ते धूड मी बायकोपुढे ठेवलं. "सुलोचना, तू वाच अन् मला गोष्ट सांग."

ती वाचत सुटली. भाजी करपली, दूध उतू गेलं, मी खूष! शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो, तर चूल थंडगार अन् बाईसाहेब खिडकीशी पुस्तकात!

"अगं, अप्पासाहेब येतायत! पुरणपोळी?"

"आज शनिवार. पुस्तकातल्या घरांत शनिवारी चूल पेटवत नाहीत. कितीदा गाव सुटलं हो त्यांचं, पण हा विसावा नाही सोडला! मग आपल्याला काय मुश्किल आहे? दशम्या कालच करून ठेवल्यात."

"साहेबांना कालच्या दशम्या? हे असलं काही मी मानत नाही!"

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही!"

"मग तर कामच झालं! पुस्तकात चूल पेटवायला न मानणारा शेजारीच बोलावतात. ही घ्या फुंकणी!"

फुंकर मारली ती राख थेट डोळ्यांत! पुरणाचा नाद सोडून पिठलं केलं. त्यात पळी रोवली, ती उभीच राहिली! एवढ्यात अप्पासाहेब दारात, अन् मी मिशीला राख, कमरेला बायकोचं जुनं लुगडं!

साहेबांनी पिठल्याकडे एकदा पाहिलं अन् दशम्यांवर ताव मारला. मग हात धुऊन विचारलं, "हं, कादंबरीचा शेवट कसा वाटला?"

"उत्तम! सगळ्यांची लग्नं लागतात!"

"अहो, काहीतरीच काय!" सुलोचना म्हणाली. "आपण अजून तिसऱ्या पिढीवरच आहोत! शेवट वाचलाय कुणी?"

संपलं! मी मनातल्या मनात ट्रंका बांधायला घेतल्या.

अप्पासाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "वहिनी, कोणाला सांगू नका. मी दहा पानांपुढे गेलेलोच नाही. क्लबात सगळे विचारतात, अन् मी नुसती मान हलवतो. पुढे काय होतं?"

सुलोचना सांगू लागली. त्या लोकांची लग्नं, भांडणं, रातोरात सोडावी लागलेली घरं, नव्या गावात पुन्हा पेटवलेले दिवे! साहेब हसले, मग रुमालानं डोळे टिपू लागले. मीही टिपले, अन् या वेळी राख नव्हती. अशी बायको आपली आहे याचा मला केवढा अभिमान वाटला!

उठताना साहेब म्हणाले, "क्या बात है! आता दर शनिवारी येणार. अन् बाळकृष्णराव, कादंबरी संपेपर्यंत तुमची बदली बंद!"

मंडळी, तेव्हापासून मी रोज सुलोचनाच्या हातापाया पडतोय. बाई गं, जरा सावकाश वाच!