वाया गेलेलं पाणी

टब भरला की ममताची सासू कोंडी हंडा घेऊन हजर. ममता हीटरचं बटण दाबायला वळेपर्यंत सासूबाईंनी निम्मं पाणी वांग्यांना घातलेलं असायचं. ओटीच्या पायरीपायरीला “आई गं” म्हणतील, पण हंडा सोडणार नाहीत.

“आत्या, ते तुमच्या गुडघ्यांसाठी आहे!”

“सूर्यमाळला एवढ्या पान्यात आख्खा पाडा दोन दिस काढल. नि मी त्यात बसू? नाय बरा वाटत तर जाते मी घरी.”

घरी म्हणजे सूर्यमाळला, पुन्हा डोंगर नि पुन्हा विहिरीची उतरण. ममता टब पुन्हा भरायला लावायची. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून तर तिच्या नवऱ्याने, सुदर्शन मास्तरांनी, मुंबईच्या एका शेठने टाकून दिलेला हा हीटरवाला टब टेम्पोत घालून जव्हारला आणला होता.

त्या शनिवारी टबच रुसला. बोअरच्या पाण्याने हीटरवर, जिलबीवर पाक साखरावा तसा पांढरा थर चढला होता. पाणी ढिम्म तापेना. देवाची भांडी चिंचेने निघतात, मग हे का निघू नये? ममताने बटण बंद करून पातेलंभर चिंचेचा कोळ टबात ओतला. दुपारपर्यंत खपल्या सुटल्या, हीटर लखलखला, बटण दाबलं तसं पाणी वाफाळलं. आपल्या अकलेवर ती स्वतःच खूश झाली.

मास्तरांनी बोट बुडवून चाखलं. “आंबट आहे! आईला झोंबेल. आम्लाला सोडा हवा.” आणि सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या त्या माणसाने अख्खा पुडा उपडा केला.

टब फसफसला. फेस काठावरून उतरला, बादलीला घेऊन उंबरा ओलांडून अंगणात आला. कोंबड्या ओरडत पळाल्या. दारात कोंडी, कमरेवर हंडा.

“ह्या वांग्यांना चालल?”

“नाही आई,” मास्तर खाली मान घालून म्हणाले.

“म्हशीला?”

“नाही.”

“कपडं तरी?”

“डाग पडतील, आत्या,” ममता म्हणाली.

“म्हंजे कशाच्याच कामाचा नाय?” कोंडीने कपाळावर हात मारला. “एवढा ऊनऊन पानी! मंग फुकट कशाला घालवता? सुदा, हो बाहेर!”

लुगडं आवरून ती गळ्यापर्यंत त्यात बसली. दोघं हाका मारमारून दमली, तरी पाणी निवेपर्यंत बाहेर आली नाही.

आता सूर्यमाळचं नाव निघत नाही. टब स्वच्छ भरतो, तापतो, आणि ओटीवरून हाक येते, “सूनबाय, बिघाडलंस का पानी?”

ममता चिमूटभर सोडा टाकते. “पार वाया गेलं, आत्या!”

“आलेच!” कोंडी हंडा पालथा घालते आणि पायऱ्या उतरते. “आई गं” म्हणायचं विसरूनच.